वय, ताण आणि भावना: शिकण्यावर आणि निर्णयांवर होणारा परिणाम

थोडक्यात

- वय वाढले की नवीन गोष्ट शिकण्याचा वेग कमी होतो. शिकण्याची क्षमता मात्र संपत नाही.
- तीव्र किंवा लांबलेल्या ताणात माणूस विचारापेक्षा सवयीने वागू लागतो.
- भीती, राग आणि दुःख या भावना निर्णयाला वेगवेगळ्या दिशेने ढकलतात.
- विसरणे किंवा चुकीचे निर्णय वाढणे यामागे अनेकदा बरी होणारी कारणे असतात: अपुरी झोप, नैराश्य, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, कमी ऐकू येणे, काही औषधे.
- अचानक गोंधळणे, बोलणे अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे ही तातडीची लक्षणे आहेत. लगेच रुग्णालय गाठावे.

"बाबांना आता काही समजत नाही" किंवा "या वयात मला काय जमणार" अशी वाक्ये बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतात. भिवंडीतील निजामपुरा आणि आजूबाजूच्या यंत्रमाग वस्त्यांत हा प्रश्न थेट पोटाशी जोडलेला आहे. वीस-तीस वर्षे साध्या मागावर काम केलेल्या कारागिराला आता बिनधोट्याचा रॅपियर माग शिकायला सांगितले जाते. साठीच्या कारखानदाराला जुने माग भंगारात काढायचे, कर्ज काढून नवीन घ्यायचे की गाळा भाड्याने द्यायचा, हे ठरवावे लागते. साध्या मागांच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया योजना २०१७ मध्ये आली. यंत्र बदलायला अनुदान मिळू शकते, पण ते चालवायला शिकणे आणि पैशांचा निर्णय घेणे ही कामे शेवटी माणसाच्या मेंदूलाच करावी लागतात. तो मेंदू वय, ताण आणि भावना यांच्या प्रभावाखाली कसा चालतो, ते या लेखात पाहू.

## शिकताना आणि ठरवताना मेंदूत काय घडते?

यात मेंदूचे चार भाग महत्त्वाचे आहेत.

हिप्पोकॅम्पस: कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हा भाग नवीन आठवणी तयार करतो. काल कोण भेटले, नवीन यंत्राचे कोणते बटण कशासाठी आहे, ही माहिती आधी येथे नोंदली जाते.

कपाळामागचा भाग: पर्यायांची तुलना करणे, घाई रोखणे, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे ही कामे हा भाग करतो.

अमिग्डाला: बदामाच्या आकाराचा हा लहानसा भाग धोका ओळखतो आणि घटनेला भावनेची धार देतो.

सवयीचे केंद्र: मेंदूच्या खोल भागात वारंवार केलेल्या हालचाली साठवल्या जातात. कांडी संपली की कारागिराचा हात आपोआप मागाकडे जातो, तो या केंद्रामुळे.

डोपामिन हे रसायन या भागांमधील दुव्याचे काम करते. एखाद्या कृतीचा परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला आला की वाईट, हा निरोप ते देते आणि त्यावरून मेंदू पुढचे वागणे सुधारतो. अनुभवातून शिकणे म्हणजे मुख्यतः हेच.

## वयानुसार काय बदलते आणि काय टिकते?

मानसशास्त्रात बुद्धीचे दोन प्रकार मानतात. पहिली चपळ बुद्धी: अनोळखी प्रश्न झटपट सोडवणे, नवीन माहिती लक्षात ठेवणे. ती तरुणपणी सर्वाधिक असते आणि पुढे हळूहळू उतरत जाते. दुसरी साठलेली बुद्धी: शब्दसंग्रह, व्यवसायाचे ज्ञान, माणसांची पारख. ती साठीपर्यंत आणि अनेकांमध्ये त्यानंतरही टिकते.

म्हणून पंचावन्न वर्षांच्या जॉबरला मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखता येतो, पण नवीन यंत्राच्या पडद्यावरील सूचना लक्षात राहायला वेळ लागतो. यात विरोधाभास नाही. दोन्ही कामांसाठी वेगवेगळ्या क्षमता लागतात.

वयासोबत साधारणपणे हे बदल होतात:

- माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग कमी होतो.
- एकाच वेळी दोन कामांकडे लक्ष देणे कठीण जाते.
- नावे आणि आकडे चटकन आठवत नाहीत, थोड्या वेळाने आठवतात.
- डोपामिनची यंत्रणा मंदावते. त्यामुळे नियम बदलला, तर जुनी पद्धत सोडून नवी धरायला जास्त वेळा सराव करावा लागतो.

यातला शेवटचा मुद्दा निर्णयांसाठी महत्त्वाचा आहे. परिस्थिती जुन्यासारखी असेल, तर अनुभवी माणूस तरुणापेक्षा कमी माहितीत बरोबर निर्णय घेतो. बाजाराचे किंवा तंत्रज्ञानाचे नियमच बदलले असतील, तर तोच अनुभव त्याला मागे ओढू शकतो.

## ताणाचा परिणाम

ताण आला की आधी अ‍ॅड्रिनॅलिन आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. थोडा ताण उपयोगी असतो, कारण लक्ष एकाग्र होते. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की सोपे काम जास्त उत्तेजनेतही शिकता येते, पण अवघड काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली की शिकणे बिघडते.

ताणाचे तीन परिणाम विशेष लक्षात ठेवावेत.

१. आठवण अडकते. कॉर्टिसॉल वाढलेले असताना आधी पाठ असलेली गोष्टही ऐनवेळी आठवत नाही. परीक्षेत किंवा बँकेच्या खिडकीसमोर असे होते. माहिती पुसली गेलेली नसते. मन शांत झाले की ती परत आठवते.

२. सवय विचाराची जागा घेते. ताणात कपाळामागच्या भागाचे नियंत्रण सैल होते आणि सवयीचे केंद्र पुढे येते. नवीन मागावर धागा तुटला आणि शेजारी मुकादम ओरडत असेल, तर कारागिराचा हात जुन्या मागाच्या पद्धतीने चालतो. त्याला शिकवलेले कळले नव्हते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

३. फायदा मोठा दिसतो, तोटा लहान. ताणाखाली मेंदू संभाव्य बक्षिसाकडे जास्त झुकतो. कर्जात बुडालेला माणूस आणखी जोखमीच्या व्यवहारात पैसे घालतो, त्यामागचे हे एक कारण आहे.

महिनोन्महिने चाललेला ताण हिप्पोकॅम्पसच्या कामावर परिणाम करतो, झोप मोडतो, रक्तदाब आणि साखर वाढवतो. या तिन्ही गोष्टी मेंदूला स्वतंत्रपणेही त्रास देतात.

### पैशांची चिंता आणि बुद्धी

तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, म्हणजे हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर अशी दोनदा चाचणी घेतली. तंगीच्या काळात त्यांची विचार करण्याची आणि लक्ष देण्याची कामगिरी कमी आली. माणसे तीच होती, शिक्षण तेच होते. पैशांच्या काळजीने मनाची जागा व्यापली होती.

सूत महागले, कापडाला उठाव नाही, विजेचे बिल थकले अशा काळात यंत्रमागधारकाची अवस्था याहून वेगळी नसते. आणि नेमक्या अशाच वेळी गाळा विकण्याचे किंवा जास्त व्याजाने पैसे उचलण्याचे निर्णय घेतले जातात.

## भावनांचा परिणाम

"भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्ये दिसते की त्यांची बुद्धी आणि स्मरण शाबूत असते, पण पूर्वी नुकसान देणारा पर्याय ते पुन्हा पुन्हा निवडतात. "इथे काहीतरी गडबड आहे" ही आतली जाणीव त्यांना होत नाही. म्हणजेच चांगल्या निर्णयाला भावनेची गरज असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा भावना फार तीव्र असते किंवा समोरच्या निर्णयाशी तिचा संबंध नसतो.

- भीती: धोका आहे त्याहून मोठा वाटतो. माणूस फायद्याची संधीही सोडतो, किंवा भीतीतून सुटण्यासाठी सांगितले ते करून मोकळा होतो.
- राग: धोका लहान वाटतो, स्वतःवरचा विश्वास वाढतो. भागीदारी तोडणे, दावा लावणे असे निर्णय रागात झटकन होतात.
- दुःख: निर्णय लांबणीवर पडतात, किंवा "काहीही करा, मला विचारू नका" असे म्हटले जाते. जोडीदाराच्या निधनानंतर काही महिने हे स्वाभाविक आहे.
- आनंद: मन मोकळे होते आणि नवीन शिकणे सोपे जाते, पण बारकावे तपासण्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

वयासोबत भावनांचे नियंत्रण बहुधा सुधारते. ज्येष्ठ व्यक्ती वाईट गोष्टींपेक्षा चांगल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देतात, भांडण वाढवत नाहीत. समाधानासाठी हे चांगले आहे. मात्र गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाबद्दलची शंका त्यामुळे बोथट होऊ शकते.

## तिन्ही एकत्र येतात तेव्हा: फसवणुकीचा फोन

वय, ताण आणि भावना यांचा एकत्रित परिणाम पाहायचा असेल, तर "डिजिटल अरेस्ट"चा फोन पाहावा. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असे सांगतात, फोन बंद करू देत नाहीत, घरच्यांशी बोलू देत नाहीत आणि तासाभरात पैसे पाठवायला लावतात.

यात भीतीने अमिग्डाला पेटवला जातो. घाईने कपाळामागच्या भागाला तुलना करायला वेळ मिळत नाही. एकटे पाडल्यामुळे दुसऱ्याचे मत मिळत नाही. अशा अवस्थेत शिकलेली, व्यवहारात मुरलेली माणसेही फसतात. त्यांना "अक्कल नव्हती का" असे विचारणे अन्यायाचे आहे. या लाजेपोटी अनेकजण तक्रार उशिरा करतात.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक अशी कोणतीही तरतूद नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा आणि घरच्या व्यक्तीशी बोलावे. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

## यंत्रमागाच्या कामात लक्ष द्यायच्या तीन गोष्टी

आवाज. मागांच्या खात्यातील आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षे अशा आवाजात राहिल्याने ऐकू येणे कमी होते. कमी ऐकू येणारा माणूस सूचना अर्धवट ऐकतो आणि "याला समजत नाही" असा शिक्का बसतो. शिवाय कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने असे १४ धोके सांगितले असून त्यांवर उपाय झाल्यास जगभरातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला आहे. कामावर कानात प्लग वापरावेत आणि पन्नाशीनंतर श्रवण तपासणी करून घ्यावी.

रात्रपाळी. दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते. बारा तासांची पाळी, दिवसा गजबजलेल्या खोलीत तुटक झोप आणि ठरावीक दिवसांनी बदलणारी पाळी यांमुळे हे काम अपुरे राहते. शक्य असेल तर नवीन यंत्राचे प्रशिक्षण रात्रपाळीच्या शेवटी ठेवू नये.

साखर. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, विचार सुचत नाही. रोजा किंवा उपवास करणाऱ्या मधुमेहींनी औषधाच्या वेळा आणि मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

## हे नेहमीचे की आजाराचे?

| वयानुसार होणारे | तपासणीची गरज असलेले |
|---|---|
| चष्मा कुठे ठेवला ते विसरणे | चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे |
| नाव नंतर आठवणे | जवळच्या नातेवाइकाला न ओळखणे |
| हिशेबाला जास्त वेळ लागणे | वर्षानुवर्षे केलेला हिशेब आता न जमणे |
| नवीन रस्त्यावर गोंधळणे | मशिदीतून, देवळातून किंवा बाजारातून घरी येताना वाट चुकणे |
| कधीतरी चुकीचा खर्च होणे | वारंवार अनोळखी लोकांना पैसे देणे, स्वभाव बदलणे |

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. याचा अर्थ बहुतेक ज्येष्ठांना तो नाही. विसरतात म्हणून सर्वांवर तोच ठपका ठेवू नये.

### बरी होणारी कारणे आधी शोधावीत

- नैराश्य: ज्येष्ठांमध्ये उदासपणापेक्षा विसरणे, थकवा आणि "कशातच रस नाही" अशी तक्रार पुढे येते. उपचाराने स्मरणही सुधारू शकते.
- थायरॉईडचा कमी स्राव, बी-१२ची कमतरता, रक्तक्षय
- घोरणे आणि झोपेत श्वास अडणे
- झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरील गुंगी आणणारी औषधे
- दारू आणि इतर व्यसने
- मोतीबिंदू, कमी ऐकू येणे

## डॉक्टरांना कधी दाखवावे?

ताबडतोब, १०८ वर फोन करून: अचानक गोंधळ, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अस्पष्ट होणे, तापात बरळणे, डोक्याला मार लागल्यानंतर झोपाळूपणा.

काही दिवसांत: विसरणे सहा महिन्यांत स्पष्टपणे वाढले असेल, पैशांचे व्यवहार बिघडले असतील, दोन आठवड्यांहून अधिक उदास वाटत असेल. जगणे नको असे विचार येत असतील, तर थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

तपासणीला येताना घरातील एका व्यक्तीला सोबत आणावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणावीत. रुग्ण शिकलेला नसेल किंवा त्याची बोली वेगळी असेल, तर ते आधी सांगावे. स्मरणाच्या काही चाचण्या लिहिता-वाचता येण्यावर अवलंबून असतात आणि अशा रुग्णासाठी वेगळी चाचणी वापरावी लागते.

## काय करता येईल?

### नवीन शिकताना

१. एका वेळी एकच पायरी शिकावी. पाहण्यापेक्षा स्वतःच्या हाताने करावे.
२. एका दिवशी चार तासांपेक्षा चार दिवस एकेक तास सराव करावा.
३. नवीन गोष्ट जुन्या ज्ञानाशी जोडावी: "साध्या मागात हे काम धोटा करतो, इथे ते कोण करते?"
४. शिकवणाऱ्याने चूक झाल्यावर ओरडू नये. ओरडण्याने ताण वाढतो आणि हात जुन्या सवयीकडे वळतो.
५. नियमित चालावे. ५५ ते ८० वयाच्या १२० व्यक्तींच्या २०११ मधील एका अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. फक्त ताणाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो थोडा कमी झाला.

### मोठा निर्णय घेताना

१. घर, गाळा, कर्ज, शस्त्रक्रिया, मृत्युपत्र यांचे बिगरतातडीचे निर्णय किमान एक रात्र झोपून मग घ्यावेत. आजच सही करा असा आग्रह असेल, तर तोच धोक्याचा इशारा समजावा.
२. सकाळी, पोट भरलेले असताना, शांत जागी बसावे. अनेक ज्येष्ठांचा मेंदू सकाळी जास्त ताजा असतो.
३. पर्याय दोन-तीनच ठेवावेत आणि कागदावर लिहावेत.
४. स्वतःला विचारावे: "मी आत्ता घाबरलो आहे, रागावलो आहे की दुःखी आहे? ही भावना या निर्णयाशी संबंधित आहे का?"
५. ज्याला या व्यवहारात फायदा नाही, अशा एका विश्वासू माणसाला विचारावे.

### घरच्यांनी

आई-वडिलांची गती मंदावली म्हणून त्यांचे निर्णय परस्पर घेऊ नयेत. निर्णयक्षमता सरसकट असते किंवा नसते असे नाही. ती प्रत्येक निर्णयासाठी वेगळी पाहावी लागते. एखाद्याला शेअर बाजार समजत नसेल, पण आपण कोणाकडे राहायचे हे तो नीट ठरवू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसारही, एखाद्याचा उपचाराविषयीचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवता येत नाही.

त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करावा, समोर बसून बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. अनेकदा समोरच्याला समजत नसते असे नाही. आपणच उत्तराची वाट पाहत नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साठीनंतर मोबाईलवरचे व्यवहार शिकता येतात का?
होय. वेळ जास्त लागतो आणि सराव जास्त वेळा करावा लागतो. सुरुवातीला कमी रक्कम असलेले वेगळे खाते वापरावे. चुकीची भीती कमी झाली की शिकणे सोपे होते.

स्मरणशक्तीची टॉनिके घ्यावीत का?
निरोगी व्यक्तीला त्यांचा फायदा होतो असा ठोस पुरावा नाही. बी-१२ कमी असेल तर ते घ्यावे, पण तपासणी करून.

वडिलांनी बक्षीसपत्र करून मालमत्ता नावावर करावी असा घरात आग्रह आहे. काय करावे?
आजारपणात किंवा शोकात सही करू नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करण्यासाठी दाद मागता येते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी मार्गदर्शन करते.

ताण कमी झाला की स्मरण परत येते का?
बऱ्याच वेळा येते. झोप, चालणे आणि गरज असल्यास समुपदेशन यांनी काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. तसा फरक दिसला नाही, तर पुन्हा तपासणी करावी.

*हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःच्या मनाने औषधे सुरू किंवा बंद करू नयेत. झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्यास त्रास होऊ शकतो, त्यामुळे आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*